स्वातीचा तारा

वैशाखातील निरभ्र रात्री सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवीत नेला, की दृष्टी एका तेजस्वी नारिंगी ताऱ्यावर स्थिरावते. हाच स्वाती. मुंबईच्या अक्षांशावरून तर तो जवळजवळ थेट माथ्यावरून जातो. शिंपल्यात पडलेल्या स्वातीच्या थेंबाचा मोती होतो, ही समजूत भारतात सर्वत्र आढळते. परंतु या ताऱ्याची खरी कथा त्या कल्पनेहूनही नवलाची आहे.

स्वाती पृथ्वीपासून सुमारे ३७ प्रकाशवर्षे दूर आहे. १९३३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या किरणांपासून मिळविलेल्या क्षीण विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने उजळण्यात आले. हे अंतर तेव्हा ४० प्रकाशवर्षे मानीत. म्हणजे त्याच नगरीत १८९३ साली प्रदर्शन भरले असताना निघालेला प्रकाश आता येऊन पोहोचला, अशी ती कल्पना होती. आजच्या मापनानुसार ते किरण तीनएक वर्षे उशिराच निघाले होते!

स्वातीचे वस्तुमान सूर्याहून किंचितच अधिक. व्यास मात्र सूर्याच्या २५ पट. त्याच्या पोटात १५ हजार सूर्य सहज मावतील. अर्थात त्याचे द्रव्य अत्यंत विरळ आहे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,००० अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या ५,५०० अंशांहून कमी. म्हणूनच त्याचा वर्ण नारिंगी. तेवढ्याच पृष्ठभागातून तो सूर्याच्या जेमतेम एकतृतीयांश ऊर्जा बाहेर टाकतो. पण पृष्ठभागच सहाशे पटींहून मोठा असल्यामुळे त्याचे एकूण तेज सूर्याच्या दोनशे पटींच्या जवळ जाते.

हा विस्तार झाला कसा? तारा आयुष्याचा बहुतेक काळ आपल्या गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करून तेवत असतो. गाभ्यातील हायड्रोजन संपला, की हेलियमचा गाभा आकुंचन पावून तापतो, त्याच्याभोवतीच्या कवचातील हायड्रोजन अधिक वेगाने जळू लागतो, आणि बाहेरचे थर फुगून थंडावतात. तारा राक्षसी रूप धारण करतो.

सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याचीही हीच अवस्था होईल. मात्र पृथ्वीवरील समुद्र तोवर टिकणार नाहीत. सूर्य हळूहळू प्रखर होत असून त्याच्या वाढत्या तापाने ते पुष्कळ आधीच आटून गेलेले असतील. स्वातीकडे पाहणारा मनुष्य अशा रीतीने आपल्या सूर्याचेच वार्धक्य पाहत असतो. आणि ज्या सौम्य, स्थिर उन्हात धान्य पिकते, ते ऊन सूर्याच्या आयुष्यातील एका मर्यादित काळाचे देणे आहे, हेही त्याला उमगते.