मळीपासून विमानापर्यंत

घाटकोपर, कुर्ला, अंधेरी येथील मंडळींना विमान काही नवे नव्हे. विमानाच्या घरघरीत वक्त्याने क्षणभर थांबावे आणि श्रोत्यांनी ते समजून घ्यावे, हा आपल्या उपनगरांतील सभांचा जुनाच परिपाठ. परंतु त्या विमानाच्या पोटात कोणते तेल जळते, हे आपण सहसा विचारीत नाही. ते एक प्रकारचे उत्तम शुद्ध केलेले रॉकेलच होय. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस त्यांचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. पुढे विमाने बदलली, बैलगाडी गेली. तेल मात्र खनिजच राहिले.

19 मे 2023 रोजी यात लहानसा फरक पडला. एअर एशिया इंडियाचे पुणे-दिल्ली प्रवासी विमान देशी कच्च्या मालापासून केलेले जैव-इंधन मिसळून उडाले. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे होते. तिचे संस्थापक प्रमोद चौधरी 1971 साली आपल्या पवईच्या आय.आय.टी.तून पदवीधर झाले. ते यंत्र अभियंते, रसायनाचे नव्हेत. पण त्यांनी आयुष्य घालविले ते मळीपासून मद्यार्क काढण्याचे कारखाने उभारण्यात. साखरेच्या मुलखातील माणूस विमानाच्या तेलाकडे वळतो, यात आम्हांस नवल वाटत नाही. कारण मद्यार्क हा या प्रकाराचा पाया आहे.

मग मद्यार्कच सरळ टाकीत का ओतू नये? कारण त्यात प्राणवायू आधीच बांधलेला असतो. वजनास वजन धरले, तर त्याची उष्णता रॉकेलच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते. शिवाय तो पाणी ओढतो, आणि उंचावरील थंडीत ते गोठले तर अनर्थच. तेव्हा रेणूच बदलावा लागतो. विमानाच्या तेलाच्या रेणूंत साधारण आठ ते सोळा कार्बन असतात. साध्या मद्यार्कात दोन. त्याच्या आयसोब्यूटेनॉल नावाच्या थोरल्या भावंडात चार. या थोरल्यातून पाणी काढून टाकले की वायू उरतो. त्याचे तीन रेणू एकमेकांस जोडावे म्हणजे चार त्रिक बारा, आणि शेवटी हायड्रोजन देऊन ते स्थिर करावे. रॉकेलच्या जातीचे तेल तयार! इंजिनाला मिसळण कळतही नाही.

परंतु त्या उड्डाणात मिसळण होते फार तर एक टक्का. दोन तासांच्या प्रवासात अशा विमानाला साधारण पाच टन तेल लागते. त्याचा टक्का म्हणजे पन्नास किलो, अर्थात् पंधरा किलोचे तीन-चार डबे! रसायन साधले, अडचण आहे मालाची आणि किमतीची. हे तेल खनिज तेलाच्या दुपटीहून अधिक महाग पडते. ऊस म्हणावा, तर त्याला पाणी लागते, आणि त्याचा रस साखरेलाही हवा असतो. डिसेंबर 1923 नव्हे, अगदी परवाच्या डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली, आणि आठवडाभरातच ती मर्यादेने सैल केली. ज्याने कोट्यवधी रुपयांचा कारखाना उभारला, त्याने अशा वेळी काय करावे? चौधरींसारख्यांचे खरे काम अभियंत्याचे कमी आणि धान्याच्या अडत्याचे अधिक, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

दुसरा माल आपल्या दाराशी आहे: वडे, भजी, फरसाण तळून काळे पडलेले तेल. 1 जुलै 2018 पासून, ज्यात बिघडलेले घटक 25 टक्क्यांहून अधिक आहेत असे तेल तळण्यास वापरू नये, असा नियम आहे. त्यापासूनही विमानाचे इंधन होते. इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धिकरणशाळेस 2025 साली त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पण ते तेल गोळा कोण करणार? मोठ्या दुकानाचे उरलेले तेल लहान गाडीवाल्याने स्वस्तात घ्यावे, हा व्यवहार पुष्कळ सोपा आहे. त्यातून आपल्या पोटाचेही नुकसान होते, ते वेगळेच.

देशाने परदेशी उड्डाणांसाठी 2027 साली एक टक्का, 2028 साली दोन आणि 2030 साली पाच टक्के मिसळण योजिले आहे. तोवर बोरिवली ते मुलुंडपर्यंतच्या दुकानांतील डब्यांना गाडीवाल्याहून दोन रुपये अधिक देणारा कोणी दारावर यावयास हवा.