हजाराव्या पुस्तकाचे उद्यापन

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला ग्रंथसमाप्तीचा सोहळा नवा नाही. नदीपलीकडे नृसिंहवाडीचे दत्तस्थान आहे आणि त्याच्या छायेत वाढलेल्या अनेक घरांतून ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. सात दिवस नेमलेले अध्याय नेमाने वाचायचे, सातव्या दिवशी ग्रंथ पुरा करायचा, आरती-नैवेद्य करायचा आणि मग चार पाने वाढून प्रसाद द्यायचा, असा हा क्रम. ग्रंथ वाचून पुरा होणे ही मनातल्या मनात नोंदवून सोडून देण्याची घटना नव्हे, तिचे उद्यापन झाले पाहिजे, ही जाणीव या भागातील माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.

पोथीकडून पुस्तकाकडे वळलेल्या वाचकाला मात्र असे उद्यापन उरलेले नाही. तो फार तर एखाद्या वहीत पुस्तकाचे नाव, लेखक आणि तारीख टिपून ठेवतो. कथा-कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने यांची ती यादी वाढत वाढत एके दिवशी ९९९ या आकड्यावर येऊन थांबते आणि प्रश्न उभा राहतो : हजारावे पुस्तक कोणते घ्यावे?

प्रश्न वरवर हौसेचा, काहीसा पोरकटही वाटेल. पुस्तके मोजून का कोणी शहाणा होतो, असेही विचारले जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक नेणाऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. वर्षाची ५२ पुस्तके झाली, तर हजारापर्यंत पोहोचायला एकोणीस वर्षांहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात घरातले तान्हे मूल कॉलेजात जाते. एवढ्या काळाची खूण म्हणून जे पुस्तक निवडायचे, त्याचा विचार क्षणभर थांबून करावा असे कोणाला वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

मोठ्या ग्रंथाचा मोह

अशा वेळी पहिला मोह पडतो तो आकाराचा आणि कीर्तीचा. आजवर धीर झाला नाही तो जाडजूड ग्रंथ या निमित्ताने उचलावा, सर्वांच्या तोंडी असलेले नाव एकदाचे आपल्या यादीत यावे, असे वाटते. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या वाचण्याचा संकल्प कोणी अशा निमित्ताने सोडला, तर तो स्तुत्यच म्हटला पाहिजे. परंतु केवळ मोठेपणासाठी निवडलेला ग्रंथ पुष्कळदा शोभेचा होऊन राहतो. त्याची पहिली पन्नास पाने हाताळलेली दिसतात आणि पुढची कोरी करकरीत राहतात.

निवडीची खरी कसोटी पुस्तकाच्या मोठेपणाची नसून वाचकाच्या ऋणाची असावी. ज्याच्या घरात आईला अक्षरओळख नव्हती, त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावीत. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या या बाईंचे आत्मकथन १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्याचे भूषण ठरले. कुरुंदवाडच्या वाचकाने पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे चरित्र घेतले, तर तेही अगदी उचित होईल. १८७२ साली याच गावी जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना आतषबाजीच्या अपघातात इजा झाली आणि त्याचे शालेय शिक्षण खुंटले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याने गाणे मिळवले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या याच पलुसकरांनी पुढे विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची पुस्तके रचून छापली. अधू दृष्टीमुळे ज्याला शाळा सोडावी लागली, त्याने इतरांसाठी पुस्तके सिद्ध केली. ज्या गावाने हा माणूस दिला, तेथील वाचकाला याहून जवळचा विषय कोणता असणार?

केळुसकरांची निवड

टप्प्यावर दिलेले एक पुस्तक काय करू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईत घडले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-ग्रंथकारांच्या नजरेत भरला. तो मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, त्याच्या समाजाने सत्काराची सभा भरविली आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथाप्रमाणे ती परीक्षा १९०७ ची मॅट्रिकची, खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९५६ साली आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथीची असल्याचे म्हटले आहे. परीक्षा कोणतीही असो, पुस्तकाची आठवण अर्धशतक पुसली गेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या माणसाने आपल्या बुद्धविचाराचा उगम सांगताना त्या भेटीपासूनच सुरुवात केली.

केळुसकरांना हे पुढचे काही दिसत होते, असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी एवढेच केले की, टप्पा गाठलेल्या मुलाला केवळ शाबासकी न देता पुढच्या विचाराला खाद्य दिले. टप्प्याचे पुस्तक मागच्या मजलीचे बक्षीस असते, तसेच पुढच्या मजलीची शिदोरीही असते.

पाणी दारात आले की

कुरुंदवाडसारख्या गावाला पुस्तकांची निवड आणखी एका रीतीने करावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्याची दैना केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या नगर वाचनालयातही पाणी शिरले आणि ग्रंथांचा लगदा झाला. पाणी चढू लागले की घरातील माणसे आधी म्हातारी माणसे आणि लेकरे हलवतात, मग जनावरे, धान्य, कागदपत्रे. त्या घाईत कपाटाकडे वळायला एखादाच क्षण मिळतो. तेवढ्यात जे पुस्तक हात आपसूक उचलून माळ्यावर ठेवतो, ते त्या घरातील खरे विशेष पुस्तक. किमतीचा किंवा कीर्तीचा विचार त्या वेळी कोणी करीत नाही. हजाराव्या पुस्तकाविषयी संभ्रमात पडलेल्या वाचकाने हीच कसोटी कोरड्या दिवसांत लावून पाहावी.

आणि निवड झाल्यावर, वाचून झाल्यावर काय? येथे पुन्हा सप्ताहाकडेच वळावे लागते. पारायणाची सांगता वाचणाऱ्याच्या समाधानाने होत नाही. पंक्तीला बसलेल्यांच्या हाती प्रसाद पडतो, तेव्हा ती होते. पुस्तकाच्या वाचकानेही हा धर्म सोडू नये. हजाराव्या पुस्तकाची एक प्रत स्वतःपाशी ठेवावी आणि दुसरी गावातील एखाद्या वाचणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर तर त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १८५० साली सुरू झाले. अशा संस्था आणि असे कायदे पुस्तक गावापर्यंत आणू शकतात. ते नेमक्या मुलाच्या नेमक्या हाती ठेवण्यासाठी मात्र एखादा केळुसकरच लागतो.

एकाच्या वहीतील हजारावी नोंद दुसऱ्याच्या वहीतील पहिली नोंद ठरली, तर एकोणीस वर्षांच्या त्या नेमाचे उद्यापन यथासांग झाले असे खुशाल समजावे.