टाळ्यांचा माइक

"आधी फक्त लोक ऐका," असं म्हणून रेकॉर्डिस्टने बाकीचे सगळे ट्रॅक बंद केले. अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतला हा छोटा स्टुडिओ. समोर एका फ्यूजन मैफलीचं लाइव्ह रेकॉर्डिंग: तबला, ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड आणि सभागृहात मागे टांगलेले दोन माइक. माझ्या कानात खोकला आला, खुर्ची करकरली, कुणीतरी मांडीवर ठेका धरलेला ऐकू आला.

मग त्याने तबला चालू केला आणि प्रत्येक बोल दोनदा पडू लागला. एक माइक चाटेपासून वीतभर, मागचे १७ मीटर लांब. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. 'ना' मागे पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. द्रुत लयीत तेवढ्याने सगळा बोल फाटतो. त्याने पडद्यावर मागचे ट्रॅक ५० मिलीसेकंद अलीकडे सरकवले. दोन्ही उंचवटे एकाखाली एक आले, बोल स्वच्छ झाला. पण सभागृहही लहान वाटायला लागलं. त्याने पुन्हा थोडं मागे नेलं, डोळे मिटून ऐकलं, आणखी जरासं नेलं. हे गणित नव्हतं, तालमीतून आलेला कान होता.

एका तिहाईनंतर गिटार समेच्या किंचित आधी उतरली होती. तो तुकडा बदलून टाकावा, तर तीच गिटार तबल्याच्या आणि ड्रम्सच्या माइकांतही शिरलेली. एकच धागा ओढायचा तर सगळं कापड विसकटणार. चूक राहिली, आणि मला ती आवडलीही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने 'आरेआ' या इटालियन बँडचा लाइव्ह अल्बम लावला, १९७५चा 'आरेआत्सिओने'. जॅझ, रॉक आणि विषम मात्रांच्या लोकधुना एकत्र. वर देमेत्रिओ स्त्रातोसचा आवाज, जणू गळा हेच वाद्य. वेगवेगळ्या शहरांतल्या मैफली एकाच तबकडीवर, आणि तरी खोली एकच वाटते. त्याच वर्षी, ५ जुलैला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 'शक्ती' या गटाचा पहिला अल्बमही श्रोत्यांसमोरच ध्वनिमुद्रित झाला. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. सोबत जॉन मॅकलॉफलिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन आणि विनायकराम यांचा घटम. दोन्ही तबकड्यांत मला सगळ्यात जास्त भिडते ती समोर बसलेल्या माणसांची हजेरी.

सुट्टी संपली. त्याने टाळ्यांचा फेडर वर नेला. तिहाईचा तिसरा पल्ला सुरू होताच मागच्या रांगेतून एकाचा "आहा" आला, समेच्या आधीच. त्या माणसाला कळलं होतं कुठे पडणार आहे.

"हा ठेवायचा," तो म्हणाला, आणि तिथे फेडर अजून थोडा वर केला.