दाणा आपला, कडबा बैलाचा

ज्वारीची कापणी झाली की कणसातला दाणा आपल्या घरात येतो आणि कडबा बैलापुढे पडतो. कडबा खाऊन आपले पोट भरणार नाही. बैल मात्र त्याच्यावर नांगर ओढतो. एकाच ताटाच्या दोन भागांत एवढा फरक का, ते आज आपण पाहू.

हिरवी पाने सूर्यप्रकाशात हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर तयार करतात. ग्लुकोज ही त्यातली एक साधी साखर. ग्लुकोजचे कण मण्यांसारखे एका रीतीने ओवले की दाण्यातला स्टार्च होतो. जोड वेगळ्या रीतीने बसले की सेल्युलोज होते. मणी तोच, जोड वेगळा! सेल्युलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात, म्हणून झाडाचे खोड ताठ राहते. कापसाचा धागाही बहुतेक सेल्युलोजचाच. म्हणजे ताटातली भाकरी आणि अंगावरचे सुती लुगडे मुळात एकाच ग्लुकोजचे!

भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा, गोडसर लागेल. लाळेतला पाचक रस स्टार्चचे जोड तोडू लागतो. सेल्युलोजचे जोड तोडणारा रस आपल्याजवळ नाही. तो खुद्द बैलाजवळही नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजंतू ते काम करतात.

पचलेले ग्लुकोज रक्तातून सर्व शरीराला शक्ती देते. उरलेले यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. यकृतातला साठा सुमारे १०० ग्रॅमचा. रात्री आपण झोपलो तरी मेंदूला पुरवठा होतो तो याच साठ्यातून. त्याहून जास्त झाले की चरबी वाढते.

मधुमेहात रक्तातले ग्लुकोज आवरत नाही. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी चहातली साखर सोडली, पण ताटातला भात तेवढाच ठेवला. तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. तेव्हा आम्हाला कळले, की भातही पोटात जाऊन ग्लुकोजच होतो.

मग भाकरी-भात सोडायचा का? नाही. कष्टाच्या शरीराला तो हवाच. पण पीठ चाळून कोंडा फेकू नका. कोंड्यातले, पालेभाजीतले सेल्युलोज पचत नसले तरी पोट साफ ठेवते, आणि असा चोथा असलेल्या जेवणाने साखर रक्तात सावकाश चढते. साखरेचा आजार असेल तर भात थोडा कमी घ्या, डाळ, उसळ आणि भाजी वाढवा. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

दाणा आपला, कडबा बैलाचा, हे खरे. पण दाण्यावरचा कोंडा आपलाच आहे. तो वाया घालवू नये.