छोटी एसयूव्ही : घेण्याचा आणि चालविण्याचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर पेट्रोल गाडीला १ व डिझेल गाडीला ३ टक्के उपकर लागत असे. तेव्हापासून नाशिकच्या बाजारात, मेन रोडपासून दूध बाजारापर्यंत, दुकानाची शटर खाली आली की गाड्यांच्याच गोष्टी चालतात. ज्यांनी वीस-वीस वर्षे स्कूटरवर वसुली केली, त्यांनाही आता उंच बसण्याची छोटी एसयूव्ही हवी आहे. हवी असण्यात गैर काहीच नाही. परंतु थानामागे दोन रुपये सुटतात की अडीच हे ज्याला तोंडपाठ असते, तोच व्यापारी दहा लाखांची मोटार घेताना फक्त "हप्ता किती?" एवढेच विचारतो, याचे आम्हाला नवल वाटते.

प्रथम ही छोटी एसयूव्ही आली कुठून ते पाहू. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. कंपन्यांनी याच मापात उंच बांध्याच्या गाड्या बसविल्या. आजही १८ टक्क्यांची पायरी हीच आहे. तिच्या वर गेले की थेट ४० टक्के. म्हणून गाडी नुसती आखूड आहे म्हणून भागत नाही. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आतच आहे, परंतु तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. टाटाची पंच व नेक्सॉन, ह्युंदाईची एक्स्टर व व्हेन्यू, मारुतीची फ्रॉन्क्स, किआची सोनेट, निसानची मॅग्नाइट, महिंद्राची एक्सयूव्ही ३ एक्सओ आणि जुनी जाणती बोलेरो या १८ टक्क्यांत बसतात. बोलेरोचे नाते तर आपल्या सातपूरच्या कारखान्याशी आहे. तिचा मिस्त्री आणि सुटा भाग शोधायला नाशिककराला कधी लांब जावे लागले नाही.

आता मुख्य गोष्ट. मॉडेल निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : वर्षाला किलोमीटर किती, आणि गाडीत माणसे बसणार की माल.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात आपल्या लोकांचे जास्त नुकसान होते. मागची सीट पाडून कापडाचे गठ्ठे भरले की गाडीचे दोन्ही काम होते, असे बहुतेकांना वाटते. पण खाजगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने देणे आणि नमुने वा स्वतःचे सामान सोडून इतर माल वाहणे यांना तिचे संरक्षण नाही. नमुन्याची बॅग चालते, वीस थानांचा गठ्ठा चालत नाही. माल भरलेल्या गाडीला चांदवडच्या घाटात अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम तोच माल दाखविते. पॉलिसीचा हा कागद फार थोडे लोक वाचतात.

जीएसटीचेही तसेच. चालक धरून तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. तिच्या विम्यावरचे आणि दुरुस्तीवरचेही मिळत नाही. मालवाहू गाडीवरचे मिळते. शोरूमला १० लाख किंमत असेल तर त्यात सुमारे दीड लाख जीएसटीचेच असतात. एसयूव्ही घेतली तर ते गेले, पिकअप किंवा छोटा टेम्पो धंद्यासाठी घेतला तर ते आपल्या विक्रीवरच्या करातून वळते होतात. (कंपोझिशनमध्ये असलेल्यांना दोन्हीकडे काही नाही.) ज्याला आठवड्यातून तीन वेळा माल हलवायचा आहे त्याने मालाची गाडी घ्यावी किंवा टेम्पो भाड्याने लावावा, आणि एसयूव्ही घरासाठी, वसुलीसाठी, नमुन्यांसाठी आहे असे स्वच्छ मानावे.

प्राप्तिकरात मात्र धंद्याच्या मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो, घरगुती वापराचा भाग वगळून. पहिल्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. जे ठोक टक्केवारीने नफा दाखवितात त्यांना हा घसारा वेगळा मिळत नाही, तो त्यातच धरलेला असतो.

आता किलोमीटर. समजा एका व्यापाऱ्याची आठवड्याला मालेगावची एक फेरी आहे. जाऊन-येऊन २१० किलोमीटर, वर्षात पन्नास फेऱ्या म्हणजे १०,५००. गावातले रोजचे १५ धरून ३०० दिवसांचे ४,५००. एकूण १५,००० झाले. इंधनाचा भाव हिशोबापुरता पेट्रोल १०४, डिझेल ९१, सीएनजी ९१ रुपये धरू. वाचकांनी खरेदीच्या दिवशीचा भाव घालून आकडे पुन्हा मांडावेत. मायलेज कंपनीच्या पत्रकातले घेऊ नये, ते प्रयोगशाळेतले असते. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्यानेही थोडे कमी पडते. पेट्रोल १५, डिझेल १८ आणि सीएनजी किलोला २२ किलोमीटर धरले, तर वर्षाचा खर्च पेट्रोलचा १,०४,०००, डिझेलचा सुमारे ७६,००० आणि सीएनजीचा ६२,००० येतो.

डिझेलमध्ये वर्षाला २८,००० वाचले, पण तीच गाडी डिझेलमध्ये सव्वा लाखाने महाग पडली तर ते भरून यायला साडेचार वर्षे लागतात. महाराष्ट्रात एकरकमी मोटार करही १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ आणि डिझेलला १३ टक्के आहे. १० लाखांपलीकडे एकेक टक्का जास्त. सीएनजी लाखभर रुपयांनी महाग धरली तरी अडीच वर्षांत पैसे वसूल. हेच वर्षाला ६,००० किलोमीटर चालविणाऱ्याचे पाहा : डिझेलची बचत जेमतेम ११,००० रुपये, म्हणजे अकरा वर्षे! त्याने सरळ पेट्रोल घ्यावे.

डिझेलची आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी जाळी आली. ती साफ होण्यासाठी इंजिन मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग, गरम होऊन चालावे लागते. भद्रकाली ते सारडा सर्कल एवढ्याच चकरा मारणाऱ्या गाडीत ती तुंबते, आणि बदलायची वेळ आली तर मोठा खर्च होतो. ज्याचे चाक रोज महामार्गावर आहे त्यालाच डिझेल मानवते. सीएनजीचे म्हणाल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, पंपावर रांग असते आणि मागची डिकी जाते. टाटाने पंच व नेक्सॉनमध्ये आणि ह्युंदाईने एक्स्टरमध्ये दोन लहान सिलिंडर तळाशी घालून डिकी बरीचशी वाचविली आहे. नमुन्याच्या बॅगा नेणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

टोलमध्ये मात्र खाजगी गाडीवाल्याचा खरा फायदा झाला. मालेगावच्या वाटेवर पिंपळगाव बसवंत आणि चांदवड असे दोन नाके, म्हणजे एका फेरीत चार वेळा टोल. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, २०० वेळांसाठी किंवा एका वर्षासाठी. पन्नास फेऱ्यांचे बरोबर २०० होतात, एका नाक्याला १५ रुपये पडले. मालवाहू गाडीला हा पास नाही. भिवंडीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला खरा, पण ती राज्याची वाट असल्याने तिथे हा पास चालत नाही.

विम्यात तिसऱ्या व्यक्तीचा हप्ता इंजिनावर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये होते. नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो शोरूममध्येच घ्यावा अशी सक्ती कोणी करू शकत नाही, बाहेर दोन ठिकाणी भाव विचारावा.

आता एकूण. रस्त्यावर येईपर्यंत ११ लाखांना पडलेली पेट्रोल गाडी पाच वर्षांनी साडेपाच लाखांना गेली, तर वर्षाला १,१०,००० रुपये नुसती किंमत उतरली. हा खर्च कोणी लिहून ठेवत नाही, आणि तो पेट्रोलपेक्षाही जास्त आहे. इंधन १,०४,०००, विमा ३०,०००, सर्व्हिसिंग १०,०००, टायर-बॅटरी १०,०००, टोल ३,००० मिळविले की २,६७,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे १८. वर्षाला ६,००० किलोमीटरच चालली तर किंमत थोडी कमी उतरेल असे धरूनही किलोमीटरला ३० च्या वर जाते. हा आकडा आणि भाड्याच्या मोटारीवाला मागतो तो दर शेजारी-शेजारी मांडावा. कर्जाचे व्याज आम्ही यात धरलेच नाही, ते घेणाऱ्याने वर घालावे.

आपले अनेक वाचक व्याजाच्या व्यवहारात पडत नाहीत. भिशी किंवा बचतीतून घेणाऱ्यांना आम्ही दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी सुचवू, कारण किमतीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. नोंदणीबरोबर विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा; विकणाऱ्याचा "नो क्लेम" बोनस आपल्याला मिळत नाही. आणि रोख म्हणजे नोटा नव्हेत. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि धंद्याच्या गाडीपोटी एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही. बँकेतूनच द्यावे.

मजबुतीबद्दल पत्र्याला टिचकी मारून मत बनवू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची धडक चाचणी आहे; घेणार त्या मॉडेलचे तारे पाहावेत. परदेशी ग्लोबल एनकॅपमध्ये नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळविले, तर दणकट दिसणाऱ्या बोलेरो निओला एप्रिल २०२४ मध्ये एकच मिळाला.

शेवटी रुंदी. लांबी सगळ्यांची चार मीटरच्या आत असली तरी एक्स्टर १,७१० मिलिमीटर रुंद आहे, पंच १,७४२, नेक्सॉन १,८०४. जुन्या नाशकात राहणाऱ्याला या नऊ सेंटिमीटरांची किंमत कळते. चालवून पाहण्याची गाडी गंगापूर रोडवर फिरवून परत देऊ नये. संध्याकाळी, हातगाड्या लागलेल्या असताना, आपल्या घरापर्यंत आणावी आणि तिथेच वळवून पाहावी.