संस्थेचे बळ आणि बदल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सामाजिक संस्थेचे काम दोन ठिकाणी चालते. वसतिगृह, दवाखाना, पाणलोटाची कामे लोकांना दिसतात. हिशेब, सभांची इतिवृत्ते, कार्यकर्त्यांची तयारी आणि निधीची तरतूद हे काम कार्यालयात, नजरेआड होते. या दुसऱ्या कामाला बळ देण्याच्या प्रक्रियेला क्षमताबांधणी म्हणतात. नेतृत्व, उद्देश किंवा निधीचा स्रोत बदलतो तेव्हा संस्था सावरते ती याच तयारीच्या जोरावर. तरीही तिच्याविषयीचे गैरसमज देणगीदार, विश्वस्त आणि कार्यकर्ते या तिघांमध्येही आढळतात.

गैरसमज १ : प्रशासनावरचा खर्च म्हणजे लाभार्थ्यांच्या तोंडचा घास काढणे.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा प्रत्येक नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवायला आणि ते तपासून घ्यायला सांगतो. म्हणजे हा खर्च कायद्यानेच गृहीत धरला आहे. तो नाकारला तर पगार तुटपुंजे राहतात, अनुभवी माणसे सोडून जातात आणि नोंदी अपुऱ्या राहिल्याने पुढची देणगी मिळणेही अवघड होते. अमेरिकेत २००९ मध्ये एका गाजलेल्या लेखाने या घसरणीला संस्थांच्या उपासमारीचे चक्र म्हटले. २०१३ मध्ये तिथल्या संस्थांची माहिती देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या तीन प्रमुख संघटनांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असे आवाहन केले.

भारतात परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च किती करावा यावर मर्यादा आहे. परदेशी निधीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या, नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा मात्र अनेकदा चुकीची वाचली जाते. ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा खर्च ५ टक्क्यांत बसवावा, असा तिचा अर्थ नाही.

गैरसमज २ : क्षमताबांधणी हे कंपन्यांकडून आलेले नवे खूळ आहे आणि दोन दिवसांच्या शिबिरात ते उरकते.

वस्तुस्थिती : शब्द नवा असला तरी विचार महाराष्ट्रात जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सदस्यासाठी ५ वर्षांचा शिक्षणकाळ ठरवला. धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तो संस्थांना वाहून घेतलेले कार्यकर्ते मिळावेत म्हणून. दोघांनीही माणसे घडवण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी केली. शिबिर हा अशा व्यवस्थेचा एक भाग असू शकतो. शिबिरात शिकलेली हिशेबपद्धत कार्यालयात रोज वापरली जाते का, सांभाळणारा माणूस बदलला तरी ती चालू राहते का, यावर क्षमता वाढली की नाही हे ठरते.

गैरसमज ३ : संस्थापक गेला की संस्था संपते.

वस्तुस्थिती : पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. शाळेच्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्येच वारले. आजीव सभासदांचे वेतन आणि बाहेरची कमाई यांवरून झालेल्या वादात लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये आणि गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये गेले. पंधरा वर्षांत पहिल्या फळीतली इतकी माणसे गमावूनही संस्था उभी राहिली, कारण दीर्घ सेवेची शपथ घेणाऱ्या आजीव सभासदांची पद्धत व्यक्तींच्या पलीकडे रुजली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्थाही १९५९ मध्ये त्यांच्या निधनानंतर वाढतच गेली. वारसदार नेमणे हा उत्तराधिकाराचा एक टप्पा झाला. संस्थापक कार्यरत असतानाच सह्यांचे अधिकार, देणगीदारांशी असलेले संबंध आणि निर्णयांमागची कारणे इतरांच्या हाती जावी लागतात.

गैरसमज ४ : सभेत ठराव मंजूर झाला की बदल पूर्ण झाला.

वस्तुस्थिती : ठराव ही सुरुवात असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १२ नुसार उद्देशात फेरबदल करायचा असेल तर प्रस्ताव विशेष सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सदस्याकडे जावा लागतो. सभेत तो तीन-पंचमांश मतांनी संमत व्हावा लागतो आणि एक महिन्याच्या अंतराने भरणाऱ्या दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच बहुमताने कायम व्हावा लागतो. महाराष्ट्रात विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजेच नेहमीच्या बोलण्यातला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. न्यासाची जमीन किंवा इमारत विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

ही कामे राहून गेली की परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, दिवंगत विश्वस्तांचीच नावे राहतात. मग बँकेतल्या सह्या बदलताना, अनुदानाचा अर्ज करताना किंवा दोन गटांत वाद झाल्यावर खरे मंडळ कोणते हे सिद्ध करताना संस्था अडकते. म्हणून जुन्या संस्थेला सावरताना पहिले काम बहुधा कागदपत्रे अद्ययावत करण्याचे असते.

गैरसमज ५ : ना-नफा संस्थेने वर्षाअखेर शिल्लक ठेवू नये.

वस्तुस्थिती : ना-नफा म्हणजे शिल्लक सभासदांत वाटायची नाही. ती उद्दिष्टांसाठी राखून ठेवता येते. आयकराची सवलत घेणाऱ्या संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी खर्च करावी, असा नियम आहे. उरलेले १५ टक्के साठवता येतात. त्याहून अधिक रक्कम ठरावीक कामासाठी ५ वर्षांपर्यंत राखता येते, मात्र तसे आयकर विभागाला कळवावे लागते आणि पैसा मान्य गुंतवणुकीत ठेवावा लागतो. एखादे अनुदान अचानक थांबले तर कार्यकर्त्यांचे पगार या राखीव निधीतून होतात आणि नवा मार्ग शोधायला सवड मिळते.

गैरसमज ६ : विलीनीकरण म्हणजे पराभवाची कबुली.

वस्तुस्थिती : चांगल्या कारभारासाठी दोन किंवा अधिक न्यास एकत्र करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०अ मध्येच आहे. एकाच तालुक्यात एकच काम करणाऱ्या दोन लहान संस्थांना एक लेखापाल आणि एक इमारत पुरू शकते. अडचण बहुतेक वेळा माणसांच्या मनात असते. नाव कोणाचे राहणार, जुन्या कार्यकर्त्याचे पद काय, देणगीदाराला दिलेल्या शब्दाचे काय, हे प्रश्न उघडपणे मांडून त्यांची उत्तरे लेखी ठरवली, तरच विलीनीकरणानंतर दोन्हीकडची माणसे एकत्र काम करू शकतात.