घरगुती मसाला आणि मोबाईलवरील चित्रफीत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनी २०२० साली नातवाच्या साहाय्याने आपल्या पाककृतींच्या चित्रफिती यूट्यूबवर देण्यास प्रारंभ केला. ‘आपली आजी’ या नावाने त्या लाखो घरी पोहोचल्या. थाटमाट नसला तरी चालते, हे यावरून दिसते.

घरी मसाला करून विकणाऱ्या भगिनींनी आरंभी नावगाव सांगत बसू नये. कढईत परतली जाणारी मिरची व धणे पहिल्या चार-पाच सेकंदांतच दिसावेत. एरवी पाहणारा पुढे सरकतो. दारातून येणारा उजेड हातांवर पडेल असे बसावे. दाराकडे पाठ केल्यास चेहरा काळवंडतो, आणि ही चूक फार जण करतात. मोबाईल हातात न धरता डब्याला टेकवून ठेवावा. कांडपयंत्राच्या आवाजात बोलू नये. अखेरीस वजन, किंमत, मागणी नोंदविण्याचा क्रमांक व वेष्टनावरील चौदा अंकी अन्ननोंदणी क्रमांक स्पष्ट दाखवावा.

मसाल्याचा रंग चित्रणात मुद्दाम गडद करू नये. पुडी फोडल्यावर मसाला फिका निघाला, तर ते गिऱ्हाईक त्याच चित्रफितीखाली सर्वांदेखत तक्रार लिहून जाते.